दारणेत धुतलेले हात

१

“थोरलीचा हात सरला आता. या ऐतवारपासून धाकटीचा लावू.”

हे माझ्या कानांसाठी नव्हतं. मी मागच्या गॅलरीत चादरी वाळत घालत होते आणि आत ओट्याशी सासूबाई मोठ्या दिरांशी बोलत होत्या. त्यांच्या-माझ्यामध्ये डबलबेडची एक ओली चादर होती. नव्या सुनेला घरातल्या बऱ्याच गोष्टी अशाच कळतात. माणसं सांगत नाहीत, चादरीआडून ऐकू येतात.

दीर काहीतरी पुटपुटले. लग्नाला दिवस तरी किती झाले, राहू दे थोडं, असं काहीसं. त्यावर सासूबाईंनी त्यांना मागच्या रविवारची आठवण करून दिली. दोघं भाऊ दिवसभर नदीवर बसून आले आणि पिशवीत बारक्या चिलापी मासळ्या. कॉलनीत लोक विचारायला लागले की सांगायचं काय, दारणा आटली?

मी यातून एवढाच अर्थ काढला, की उज्वलाताईंचा, म्हणजे माझ्या थोरल्या जावेचा हात दुखावलाय आणि पोळ्या आता माझ्याकडे येणार. पोळ्यांना मी भीत नाही. चादर झटकली, चिमटे लावले आणि काही ऐकलंच नाही असा चेहरा करून आत गेले. तो चेहरा मला चांगला जमतो.

आमचं घर नाशिक रोडला, रेल्वेच्या भोंग्यांच्या टप्प्यात. सासरे नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाले आणि थोड्याच वर्षांत गेले. हॉलमध्ये त्यांचा हार घातलेला फोटो आहे आणि त्यात त्यांच्या दोन्ही हातांवर भला मोठा कटला आडवा धरलेला आहे. मयत माणसाचा माशासकट फोटो मी पहिल्यांदाच पाहिला. पण या घराची ओळखच ती. मोठे दीर सोमनाथदादा आणि माझे अहो, गोरख, हे दोघं दर रविवारी दारणेवर गळ टाकायला जातात, आणि काठावरच्या इतरांच्या दोऱ्या जिथल्या तिथे लोंबत असताना यांची पिशवी भरते. वर्षानुवर्षं. सासऱ्यांच्या काळापासून. लग्न ठरवताना मध्यस्थानं नोकरी, घर आणि शेवटी मासे, असं तिन्ही सांगितलं होतं.

मी नामपूरची. आमची कांद्याची चाळ आहे. चाळीत एखादा कांदा आतून सडायला लागला की वरून दिसत नाही, पण तो वेळेत काढला नाही तर शेजारचे घेऊन जातो. वडील मला लहानपणापासून चाळीच्या तोंडाशी उभं करायचे आणि मी बोट दाखवायची. इथनं काढा. बहुतेक वेळा खरं निघायचं. सासरी याचा काही उपयोग होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

२

शनिवारी दुपारपासून हाताला साबण लावायचा नाही, असं सासूबाईंनी सांगितलं. कारण विचारायची माझी पद्धत नाही. रविवारी सकाळी त्यांनी परात पुढे ठेवली. कणिक, शेंगदाण्याची पेंड, ठेचलेला लसूण, थोडी बडीशेप. गळाचं पीठ.

“चांगलं तळव्यानं मळ,” त्या म्हणाल्या. “बोटांच्या बेचक्यात जाऊ दे. आणि हात इथं धुवायचा नाय हां. नदीवर धुवायचा.”

मग मी भरलेले हात मेंदी काढलेल्या नवरीसारखे वर धरून गोरखच्या मागे गाडीवर बसले. सिग्नलला एक बाई माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. दुसरं काय करणार.

दारणेच्या काठावर रविवारी बरेच हौशी असतात. त्यात पुंजाभाऊ म्हणून आमच्याच कॉलनीतले एक गृहस्थ आहेत. त्यांची काठी परदेशी, टोपी मोठी, आणि मासा मात्र आजवर फोटोत दाखवण्याइतकाही नाही. माझ्याशी ओळख होताच त्यांनी मला सगळी शास्त्रं सांगितली. वारा पूर्वेचा हवा. शिसं हलकं हवं. अमावस्येच्या आदल्या दिवशी मासा खात नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, “हे सगळं मी पाळतो, वहिनी. तुमच्या नवऱ्याला पौर्णिमा कधी ते माहीत नसतं. एकदा पहाटे येऊन मी यांच्याच दगडावर बसलो. काय लागलं? चप्पल.”

गोरख हसला आणि त्यानं आमच्याच परातीतला पिठाचा गोळा पुंजाभाऊंना दिला. घ्या, आमचंच पीठ लावा. पुंजाभाऊंनी भक्तिभावानं गळाला लावलं आणि आमच्या अगदी बाजूला दोरी टाकली.

सोमनाथदादांनी मला काठावरचा एक सपाट काळा दगड दाखवला. “तिथं बस, तेजस्विनी. सावकाश धू. घाई नाही.”

मी हात पाण्यात घातले. थंडीचे दिवस, पाणी बर्फासारखं असणार म्हणून दात आवळले होते. पण बोटांभोवती पाणी कोमट होतं. मनगटाशी गार आणि बोटांभोवती कोमट. एखाद्यानं फुंकर घातलेल्या चहासारखं. पीठ सुटून वर तरंगायला लागलं. मी हात बाहेर काढले तेवढ्यात मागे गोरखची काठी वाकली, मग दादांची, मग पुन्हा गोरखची. पुंजाभाऊ त्याच पाण्यात, तेच पीठ लावून, स्वतःच्या दोरीकडे बघत बसले होते. त्यांची दोरी हलली नाही.

“हातगुण आहे वहिनींचा,” ते शेवटी म्हणाले. बिचाऱ्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता.

मला छान वाटलं, हे कबूल करते. नव्या घरात कशाला तरी आपला उपयोग झाला, म्हणून.

३

मासे साफ करायला मी आणि ताई मोरीत बसलो. रोहू होते, मृगळ होते, चिलापी तर कितीतरी. मी कल्ले उपसायला लागले आणि हात थांबला.

वास येत नव्हता. म्हणजे माशाचा वास येत नव्हता. ताजा असला तरी नदीच्या माशाला चिखलाचा, शेवाळाचा वास असतो, तो हाताला चिकटतो, लिंबू चोळलं तरी जेवताना येतो. इथं खवले निघत होते, रक्त वाहत होतं आणि मोरीत वेगळाच वास पसरत होता. मेथीची जुडी निवडल्यावर बोटांना येतो तो हिरवा कडवट वास. त्याखाली बाळाची पावडर. आणि त्याच्याही खाली, दुधानं भिजून वाळलेल्या फडक्याचा.

मी माझी समजूत काढली. काल याच मोरीत ताईंनी मेथी धुतली असेल. योगिनीचे, म्हणजे त्यांच्या तान्ह्या मुलीचे लंगोट इथेच धुतले जातात. वास मोरीचा असणार. मी मासा उचलून नाकाशी नेला. वास माशाचाच होता. पोटातून येत होता.

“आमच्या माशाला वास नसतो,” ताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “म्हणून तर कॉलनीत सगळे मागून नेतात.”

त्या अगदी शेजारी बसल्या होत्या, गुडघ्याला गुडघा लागत होता. सकाळपासून त्यांनी लसूण सोलला होता, भाकरी थापल्या होत्या, मुलीला पाजलं होतं. मला त्यांचा कसलाच वास येत नव्हता. घामाचाही नाही. रिकाम्या पाटाशेजारी बसल्यासारखं वाटत होतं.

एकदा असं लक्षात आलं की मग बाकीचं दिसायला लागतं. संध्याकाळी गॅलरीत बसलो की डास मला फोडून काढायचे आणि ताईंच्या उघड्या दंडावर एकही बसायचा नाही. मला आधी त्यांचा हेवा वाटला होता. कॉलनीतलं तांबडं कुत्रं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हुंगतं, चपला हुंगतं, पिशव्या हुंगतं. ताई जवळून गेल्या तर मान वळवत नाही. आणि योगिनी. डोळे मिटून दूध पिता पिता ती एकदम थांबायची, नाक छातीवर घासायची, शोधायची, आणि मग रडायची. ताई तिला माझ्याकडे द्यायच्या. माझ्या खांद्यावर ती गप्प व्हायची.

मी घेऊन फेऱ्या मारायचे. ताई दारात उभ्या राहून बघायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर हेवा असता तर मला सोपं गेलं असतं.

४

संक्रांतीला माझा भाऊ आला. कांद्याचं पोतं घेऊन आला आणि चहा पिऊन लगेच देवळ्याला गेला. माहेरचा कांदा म्हणून मी पोतं उघडून तिथेच बसले. बरेच कांदे चिरले. डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, घरभर वास झाला. सासूबाईंनी खिडक्या उघडल्या.

मग सवयीनं मी बोटं नाकाशी नेली.

काहीच नव्हतं. काचेला नाक लावल्यासारखं. कांद्याचा वास तर सोडाच, कातडीचा, बांगड्यांच्या घामाचा, कशाचाच वास नव्हता.

नाकाचा दोष म्हणावा, तर गोरखच्या जर्किनचा पेट्रोलचा वास येत होता. फोडणीतलं जिरं येत होतं. विळीच्या पात्याला कांद्याचा वास होता. ज्या हातानं कांदे धरले होते, तेवढाच सुटला होता. मी नाना कारणं शोधली. थंडीनं कातडी कोरडी पडते. भांड्यांची पावडर बदललीय. मी हट्टानं हिंग चोळला, नवऱ्याचं अत्तर ओतलं, दार बंद करून लसणाची अख्खी पाकळी तळव्यात चिरडली. पाकळीला वास होता. तळव्याला नव्हता.

त्याच आठवड्यात गोरख माझ्या केसांत तोंड घालून थांबला. “काही लावलं नाहीस का आज?” त्यानं विचारलं. नेहमीचंच खोबरेल लावलं होतं. मी तसं सांगितलं. तो बरं म्हणाला आणि फोन बघायला लागला. रात्री डास आले, ते त्याला चावले.

ही गोष्ट मी आईला फोनवर सांगणार होते. “बरी शे ना, माय?” तिनं विचारलं आणि मला कळेना, सांगायचं काय? सासरी काय छळ आहे तुला? दर रविवारी हात धुवायला लावतात.

पण त्या दिवशी योगिनी रडायला लागली, मी तिला नेहमीसारखं खांद्यावर घेतलं, आणि ती माझ्या मानेशी नाक घासत राहिली. शोधत राहिली. मग तिनं मान मागे टाकून अशी किंकाळी फोडली, की मला तिला खाली ठेवावं लागलं.

तेव्हा मी ताईंना विचारलं. त्या कोथिंबीर निवडत होत्या.

“ताई, तुमचा हात सरला म्हणजे काय झालं?”

त्यांची बोटं थांबली नाहीत. “ऐकलंस तू.”

“चादरीआडून.”

त्या जराशा हसल्या. मग हात पुसून त्यांनी तळवा माझ्या नाकासमोर धरला. काय येतं, म्हणून विचारलं. मी खरं तेच सांगितलं.

“योगिनीलाही नाही येत,” त्या म्हणाल्या. “अंधारात उचललं तर परक्या बाईनं उचलल्यासारखी ओरडते. दिवसा तोंड बघून येते कशीतरी. माझी आई म्हणायची, माझ्या हाताला कायम मेथीचा वास. मला आता आठवतही नाही.”

“तुम्ही ‘नाही’ का म्हणाला नाहीत?”

“कशाला नाही म्हणू? हात धुवायला कोण नाही म्हणतं?” त्यांनी देठं गोळा केली. “आणि आपल्या सासूबाई दिवसभर बाम का चोळतात, काय वाटतं तुला? डोकं दुखतं म्हणून?”

आतल्या खोलीत सासूबाई खोकल्या. त्यांच्या बामाचा वास आमच्यापर्यंत येत होता. पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं, की त्या बामाखाली दुसरा कुठलाच वास नव्हता.

५

पुढच्या रविवारी मी गेले. मुकाट गेले. चाळीत सडका कांदा कुठला ते बोट दाखवून सांगायचं, तर आधी चाळीच्या तोंडाशी उभं राहावं लागतं.

ऊन डोक्यावर होतं. पाणी स्वच्छ होतं. पुंजाभाऊंनी त्या दिवशी आमच्या बाजूला नवीनच घडीची खुर्ची मांडली होती आणि बसण्याच्या उंचीवर मासा लागणं अवलंबून असतं, असं ते गोरखला पटवत होते. मी काळ्या दगडावर बसले, हात मनगटापर्यंत बुडवले आणि या वेळी वर आभाळाकडे न बघता खाली बघितलं.

मासे आले. सगळ्या जातींचे आले, एकमेकांना खाणारेही शेजारी शेजारी आले, आणि माझ्या हातांपासून थोड्या अंतरावर थांबले. तोंडं माझ्याकडे. पीठ सुटून त्यांच्या डोक्यांवरून वाहत होतं. एकानंही तोंड उघडलं नाही. माझे हात आणि ते, यांच्यामध्ये त्यांनी जागा सोडली होती. पंगतीत आधी मोठ्यांचं होऊ द्यायचं, तशी.

मग बोटांमधलं पाणी हललं. प्रवाह उजवीकडून डावीकडे होता. हे पाणी खाली गेलं. हळूच आत ओढलं गेलं, क्षणभर थांबलं, आणि कोमट होऊन परत आलं. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. गाय ओळखीच्या माणसाचा हात हुंगते, तेव्हा तळव्याला लागतं तसं.

दगडाच्या खाली सावली होती. तिथं काय होतं हे मी सांगणार नाही, कारण मी ते पाहिलं असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. ती सावली दगडापेक्षा मोठी होती, एवढं मी पाहिलं. तिचा एक तुकडा उघडला आणि मिटला. परत उघडला. त्याच्या कडा मऊ होत्या.

आणि वास आला. पाण्यातून वर, सरळ माझ्या तोंडावर. आधी मेथी, पावडर, दूध. त्याच्या मागून मिश्रीचा, चुलीच्या राखेचा आणि नव्या लुगड्याचा वास, कुणा तरुण मुलीचा. सासूबाई तेव्हा किती वर्षांच्या असतील? आणि सगळ्यात शेवटी, अगदी ताजा, उन्हात तापलेल्या कांद्याच्या पातीचा, तागाच्या पोत्यांचा, आईनं माझ्या केसांना चोळलेल्या खोबरेलाचा. नामपूरची आमची चाळ दारणेच्या पाण्यातून वर आली.

भीती नंतर वाटली. आधी राग आला. इतका, की कानशिलं तापली. माझ्या बापाच्या चाळीचा वास याच्याकडे काय करतोय?

मी हात ओढून घेतले. ओढताना पाणी क्षणभर घट्ट झालं, साखरेच्या पाकासारखं, आणि मग सुटलं. मागे सगळ्या काठ्या एकदम वाकल्या. मी माझे हात साडीच्या पदराला खसाखसा पुसले. हे करायचं नाही असं सासूबाईंनी सांगितलेलं होतं. दादा ओरडले नाहीत. नुसते बघत राहिले, आणि मला कळलं की त्यांना माहीत आहे. सगळं नाही. पण बायकोच्या हाताचं काय झालं हे माहीत नसायला माणूस किती आंधळा लागतो?

गोरख मात्र खुशीत होता. त्याच्या गळाला वांब लागली होती.

घरी येताना मी त्याला गाडीवर सगळं सांगितलं. हेल्मेटमधून त्याला किती ऐकू गेलं कोण जाणे. उतरल्यावर तो म्हणाला, आईनं सांगितलंय तसं करायचं, त्यात एवढं काय आहे. शेवटी घरच्या खुशीसाठीच आहे ना. मी त्याच्याकडे बघितलं. तो वाईट माणूस नाही. त्याला कधी स्वतःचे हात तिथं बुडवायची वेळ आली नव्हती, एवढंच.

६

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी मी साबणाची नवी वडी फोडली. मोरीत बसून कोपरापर्यंत हात घासले, धुतले, पुन्हा घासले. वास परत येईल या आशेनं नव्हे. मुद्दाम.

पाणी जाळीतून खाली गेलं. शेवटचा थेंब गेला की आमची मोरी नेहमी एक घुटका घेते. तो तिनं घेतला. मग थांबली. मग जाळीतून हवा आत ओढली गेली. हळू, लांब. साबणाचा फेस जाळीकडे सरकला आणि तिथंच थरथरत राहिला. मग खालून कोमट हवा वर आली.

मी स्वतःला म्हटलं, पाइपलाइन. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केला असेल. मग आठवलं, आम्हाला वरचा मजला नाही.

संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघराच्या सिंकमधून तोच आवाज यायला लागला. मग बाथरूममधून. आत ओढायचा, थांबायचा, सोडायचा. तिन्ही ठिकाणांहून एकदम. घरात सगळ्यांना ऐकू येत होता आणि कुणीही त्याविषयी बोलत नव्हतं. दादांनी टीव्हीचा आवाज वाढवला. सासूबाईंनी बामाची नवी बाटली उघडली. ताई योगिनीला छातीशी धरून कॉटवर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचा डोळा सिंकवरून हलत नव्हता. मला वाटतं त्याही एकदा साबण लावून बसल्या असणार. आणि या आवाजानंच त्यांना पुन्हा नदीवर नेलं असणार.

मी उठले. सिंकच्या भोकाला वाटी उपडी घातली आणि वर वरवंटा ठेवला. बाथरूममध्ये फरशीचा तुकडा. मोरीच्या जाळीवर काठोकाठ भरलेली बादली. मग जाऊन शांत झोपले, असं लिहायला आवडलं असतं. झोपले नाही. पण उठून काढलंही नाही.

सकाळी सासूबाईंनी परात मांडली. कणिक, पेंड, लसूण. दोघं भाऊ काठ्या घेऊन तयार. बादली जागेवर होती. तिच्यातलं पाणी मधोमध किंचित खचायचं आणि भरायचं.

मी परातीशी बसले नाही. मग सासूबाई बोलायला लागल्या. आधी गोडीनं, की नवीन आहेस, रुळशील. मग थोडं चढ्या आवाजात, की या घरात आलीस तर घराची रीत पाळावी लागेल. त्यांच्या सासूनं पाळली, त्यांनी पाळली, थोरलीनं कधी तोंड वर केलं नाही. शेवटी बादलीकडे बघून आवाज एकदम खाली गेला. त्या विनवत होत्या, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

“एकदा धुऊन ये, बाई. एवढ्या बार. नायतर ते असंच करीत राहील.”

त्यांचा हात माझ्या दंडावर होता. त्या हाताला बाम होता आणि दुसरं काहीच नव्हतं. मला त्यांची दया आली. पण ती दया माझ्या हातांपर्यंत पोचू द्यायची नाही, हे मी ठरवलं होतं. मी गोरखकडे बघितलं. त्यानं नजर काठीकडे वळवली. मी दादांकडे बघितलं. त्यांनी नकळत दोन्ही हात खिशात घातले.

ते बघितल्यावर माझं काम सोपं झालं.

ताई कॉटवरून उठल्या. योगिनीला कडेवर घेऊन त्या माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. बादलीतलं पाणी खाली गेलं, आणि या वेळी वर यायला फार वेळ लागला.

मी परात उचलली आणि दोन भावांच्या मध्ये, जमिनीवर ठेवली. या घरात आल्यापासून माझा आवाज कुणी नीट ऐकलेला नव्हता. मलाही तो अनोळखी वाटला, पण थरथरला नाही.

“हे पीठ. तुम्ही मळा, तुम्हीच नदीत हात धुवा. मी धुणार नाही, ताई धुणार नाहीत, आणि ही मोठी झाली की हीसुद्धा नाही. मासेच खायचे असतील तर बाजारात मिळतात, वासासकट.”